शेवटचं रीळ

दादा सिनेमा बघायला तयार झाले, ही बातमी घरात दोनदा फिरली. आधी थट्टा म्हणून आणि मग खरी म्हणून. फोनवर ती ऐकून दादांची बहीण, म्हणजे आत्या, म्हणाल्या, "वहिनी, त्याला ताप-बीप आलाय का ते बघा आधी." बापूने बापाच्या तोंडाकडे एकदा नीट बघून घेतलं आणि तो दुकानाकडे निघून गेला. नवल वाटलं नाही ते एकट्या ठमीला, बापूच्या मुलीला. आजोबांच्या मागे लागून हवं ते मिळवायची विद्या ती दुधाचे दात पडायच्या आधीच शिकली होती. आता तर ती जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या संस्थेत कामाला होती, म्हणजे चिकाटीचाच पगार खात होती.

दादांची बायको, म्हणजे वहिनी, मात्र सकाळपासून धास्तीत होत्या. दादांनी हो म्हटलं होतं ते नातीला. सिनेमा होता धाकट्या भावाचा, नानांचा. त्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला दादा शेवटच्या रिळात उठून चालते झाले होते, आणि त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

बोलत नव्हते म्हणजे तोंड फिरवून बसले होते असं नाही. तेवढं सोपं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. नाना नेमाने घरी जेवायला येत, दादांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसत. "त्याला विचार, मीठ हवंय का," दादा बायकोला सांगत. "वहिनी, सांगा त्याला, नको," नाना हातभर अंतरावरून उत्तर देत. वहिनींनी फक्त मान इकडून तिकडे वळवायची. वहिनी हे नावही त्यांना नानांमुळेच चिकटलं होतं. दीर म्हणतो ते ऐकून आधी शेजारी, मग गिऱ्हाइकं आणि शेवटी पोटची पोरंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणू लागली. नवऱ्याची बायको आणि मुलांची आई असण्याआधी आपण दोन भावांच्या मधलं टपालखातं आहोत, असं त्या स्वतःच हसून सांगत.

अगदी सुरुवातीला एकदा त्यांनी नवऱ्याला कारण विचारलं होतं. "त्याने बाबांचा हात बांधला," एवढं म्हणून दादांनी विषय संपवला. वहिनींनी आपल्या परीने अर्थ लावला. सासरे शेवटच्या वर्षात त्या सिनेमात अडकले, हातातली कामं टाकून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, छातीत दुखतंय हे कुणाला बोलले नाहीत, आणि सिनेमा पुरा व्हायच्या आत गेले. थोरला धाकट्याला बापाच्या मरणाचा बोल लावतोय, असं त्यांना वाटलं. इकडचं तिकडे पोचवणाऱ्या वहिनींनी तेवढा एक निरोप मात्र कधीच पोचवला नाही. असला निरोप काय पोचवायचा?

घराचा धंदा पाट्या रंगवण्याचा. आता बापू संगणकावर अक्षरं मांडतो, यंत्र ती प्लॅस्टिकमधून कापतं आणि तो ती चिकटवून येतो. दादा त्याला चिकटवाचिकटवी म्हणतात, पण म्हणतात तेही हळूच, कारण घर त्याच्यावरच चालतं. बाबांच्या वेळी सगळं हाताने होतं, आणि त्यातही बाबा काचेवरचे उस्ताद. दुकानाच्या काचेवरचं नाव बाहेरून रंगवलं तर ऊन आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नखं ते चार दिवस टिकू देत नाहीत. म्हणून ते आतून रंगवायचं, आणि बाहेरच्याला सुलटं दिसावं म्हणून आतून उलटं लिहायचं. उजव्या हाताचा कारागीर ही उलटी ओळ लिहायला लागला की त्याचं मनगट ओल्या अक्षरांवरूनच सरकतं आणि सगळा राडा होतो. बाबा डावखुरे होते. त्यांचा हात ओळीच्या पुढे-पुढे, कोऱ्या काचेवर चालायचा. गावभरची काचेची कामं त्यांच्याकडे येत ती त्या डाव्या हातासाठी.

आता अशा घरात वाढलेल्या पोरांचं काय होतं? ती अक्षरं शिकतात तीच काचेच्या दोन्ही बाजूंनी. उलटं काय नि सुलटं काय, त्यांना दोन्ही सारखंच वाचता येतं, इतकं की आपण कुठल्या बाजूने वाचतोय हेच त्यांच्या लक्षात येत नाही. बापूने शाळेत असताना एकदा अख्खं पान उलटं लिहून नेलं होतं. त्यावर दादांची सहीसुद्धा होती. त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. बाईंनी बोलावणं धाडलं तेव्हा कुठे घरात कळलं. आणि वहिनी या घरात यायच्या आधी तर बाप-लेकांनी मिळून एका दाताच्या डॉक्टरांच्या काचेवर नाव रंगवलं होतं ते फक्त आतल्या रुग्णांना वाचता यावं असं.

वहिनी बाहेरून आल्या होत्या. त्यांना काचेमागची अक्षरं कधीच वाचता आली नाहीत. आधी घरात त्यांची चेष्टा झाली, पण बाबा हुशार. त्यांनी सुनेला कामालाच लावलं. काच पुरी झाली की हाक यायची, "सूनबाई, बाहेर जाऊन बघ." वहिनी हातातलं काम टाकून रस्त्यावर जात, काचेकडे तोंड करून मोठ्याने वाचत, आणि त्यांना वाचता आलं की मगच काम पुरं झालं असं धरत. वहिनींनी वाचल्याशिवाय या घरातून एकही काच गेली नाही.

सिनेमा तेवढा गेला. पहिल्या खेळाच्या दिवशी बापूला गोवर निघाला होता, म्हणून वहिनी घरीच राहिल्या. पुढे दोघा भावांचं हे असं झाल्यावर त्या सिनेमाचं नाव काढायचीही सोय उरली नाही.

सिनेमाचं नाव होतं 'रंग ओला आहे'. तो कृष्णधवल होता आणि त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. शिडी खांद्यावर घेऊन एक माणूस गल्ल्यांमधून चालतो, पाटीवरची जुनी नावं खरवडतो, रंग कालवतो, आणि मग वाळायची वाट बघत बसतो. वाट बघणं बरंच आहे. बापूने तो तीनदा बघितला होता आणि तिन्ही वेळा त्याला छान झोप लागली होती. पण जाणकार म्हणत, गेलेला काळ बघायचा असेल तर हाच सिनेमा बघा. माणसांना एकमेकांसाठी थांबायला वेळ होता तो काळ, हाताला वळण होतं तो काळ. त्याच्यावर पुस्तकांत प्रकरणं होती. परगावची मुलं नानांकडे येऊन विचारत, सिनेमातल्या रिकाम्या खुर्चीचा अर्थ काय, शेवटाचा अर्थ काय. नाना म्हणत, "चहा घेणार ना?" त्यांनी अर्थ कधी सांगितला नाही, आणि दुसरा सिनेमाही कधी काढला नाही.

आता ठमीची संस्था तो नव्याने दुरुस्त करत होती. मूळ निगेटिव्ह कधीच नाहीसं झालेलं, हाताशी होती ती प्रतीवरून काढलेली प्रत. सगळं जमत आलं होतं, फक्त सुरुवातीची नावाची पाटी पार सडली होती. ती बाबांनी स्वतः रंगवली होती. बाबांच्या वळणाचं अक्षर काढणारा माणूस आता जगात एकच उरला होता, आणि तो म्हणाला होता, "आधी बघतो. मग बोलतो."

सुट्टीच्या दिवशी दुपारी ठमीने दुकानाच्या काचेला आतून काळं कापड लावलं, दारावरही पडदा ओढला आणि पांढऱ्या भिंतीसमोर खुर्च्या मांडल्या. नाना आत्यांबरोबर आले. आत्या दोघा भावांच्या मधली बहीण, पण मनाने कायम धाकट्याच्या बाजूची. येताच त्यांनी नानांशेजारची खुर्ची पकडली. बापू दाराजवळ बसला, झोप आली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. दादा सगळ्यांत शेवटी आले आणि पहिल्या रांगेत बसले. वहिनी दोघा भावांच्या मधल्या खुर्चीत. तिथे कुणी दुसरं बसलंच नसतं.

"अंधार करू?" ठमीने विचारलं.

"त्याला विचार, किती वेळ आहे," दादा वहिनींना म्हणाले.

"सांगा त्याला, त्याला माहीत आहे," नाना म्हणाले.

"मला सगळं ऐकू आलंय, आता गप्प बसा," वहिनी म्हणाल्या, आणि ठमीने दिवा घालवला.

भिंतीवर सासरे चालत आले. वहिनींना वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं ते हसू. सासरे शिडीला धडकणाऱ्या एका कुत्र्याला रस्ता देत होते, अगदी अदबीने, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाला द्यावा तसा. मग तो जुना रस्ता आला, टोपीवाल्याचं दुकान, कुलपं दुरुस्त करणारा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हाताने लिहिलेली अक्षरं, काही जाडी, काही शेपटी काढलेली. कुणाला घाई नव्हती. आता त्यातलं एकही दुकान उरलेलं नाही, हे मग वहिनींना आठवलं. असा सगळा काळच्या काळ कुणीतरी जपून ठेवला, आणि तो बघायला आपल्याला चाळीस वर्षं लागली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शेजारी दादा पुढे वाकून बघत होते. त्यांचा जबडा सैल पडला होता.

"विचार त्याला," ते पुटपुटले, "ही शिडी कुठली? आपली तर तेव्हा मोडली होती."

"वहिनी, सांगा, कुलपवाल्याची मागून आणली होती."

"तरीच. परत दिली का विचार."

नानांनी थोडा विचार केला. "नसेल दिली," ते म्हणाले. मागे बापू खुसखुसला. वहिनींनी ते उत्तर पोचवलं नाही. गरजच नव्हती, दादाही गालात हसत होते. या दोघांना एका खोलीत हसताना बघून वहिनींच्या मनात आलं, आज होईल. आज काहीतरी होईल.

मग भिंतीवर क्षणभर काळोख झाला आणि ठमी म्हणाली, "हे शेवटचं रीळ."

दोन्ही भाऊ एकदमच हलले. दादांनी हाताची घडी घातली आणि नजर जमिनीवर लावली. नाना तर उठूनच उभे राहिले. "मी जरा बाहेर थांबतो."

"दरवेळी शेवटालाच कसा रे उठतोस तू?" आत्या म्हणाल्या. "मी म्हणते, स्वतःच्या सिनेमाचा शेवट कधी बघितलास तरी का?"

"नानाआजोबा, पडदा सरकवलात तर उजेड येईल," ठमीने सांगितलं. "थोडंच उरलंय." नाना पुन्हा बसले आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. सिनेमा चालला होता आणि ज्याने तो काढला तो आणि ज्याच्यासाठी आज लावला तो, दोघेही खाली बघत होते.

भिंतीवर एक रिकामं दुकान. समोर मोठी काच, काचेपलीकडे उन्हात रस्ता. सासरे आपल्याकडे पाठ करून काचेशी उभे. हातात ब्रश. संथपणे ते एक-एक अक्षर उतरवत होते, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं अक्षरांच्या फटींतून दिसत होती. काय सुंदर होतं ते! वहिनींच्या ओठांत सवयीने अक्षरं यायला लागली.

"ल... व... क... र... च," त्या वाचत गेल्या. "उ... घ..."

"वहिनी, शाळा भरलीय का?" मागून बापू म्हणाला. "मोठ्याने वाचताय."

"वाचू दे की रे तिला. लवकरच उघडत आहे असं लिहितायत ते," आत्यांनी डोळे पुसत सांगितलं. "ते दुकान कधी उघडलंच नाही."

वहिनी थांबल्या होत्या. त्यांच्या आवाजात काहीतरी विचित्र होतं, स्वतःलाच न पटल्यासारखं.

"मला वाचता आलं," त्या म्हणाल्या.

"बरं मग?"

"अरे, मला वाचता आलं. हे आतून आहे ना? रस्ता पलीकडे दिसतोय. मामंजी आत उभे आहेत, आपणही आत आहोत. मग मला कसं वाचता येतंय?"

ठमीने चित्र थांबवलं. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला. बापू उठून भिंतीपाशी आला, अक्षरांजवळ तोंड नेऊन उभा राहिला, आणि मग त्याने डोक्याला हात लावला. "आतून आहे. आणि सुलटं आहे. वहिनी, हे रीळच उलटं लागलंय."

"शक्य नाही," ठमी बापूला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी याची एक-एक चौकट पुसलीय, बाबा. रोज हीच अक्षरं बघतेय. संस्थेत सगळ्यांनी बघितलंय."

"त्यांना सुलटी अक्षरं दिसली, त्यांना काय खटकणार?" बापू म्हणाला. "आणि तू आमचीच ना. तुला दोन्ही सारखंच."

वहिनींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या भिंतीवरच्या हाताकडे बघत होत्या. रीळ उलटं, म्हणजे अक्षरं उलटी, म्हणजे सगळंच उलटं. "आणि उजवा दिसतोय तो हात उजवा नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "हा डावाच आहे. मामंजींनी उजव्या हातात ब्रश धरला होता कधी?"

दादांनी मान वर केली. त्यांनी भिंतीकडे बघितलं, अक्षरांकडे, मग हाताकडे, मग पुन्हा अक्षरांकडे.

"मला वाटलं, तू त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलंस," ते म्हणाले.

वहिनी सवयीने नानांकडे वळल्या. निरोप सांगायला तोंडही उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की निरोप थेट पोचलाय.

नाना भावाकडे बघत होते. "मी?" ते म्हणाले. "मी कशाला लावीन?"

"चित्र चांगलं दिसावं म्हणून. तुला उजेड हवा असेल त्या बाजूचा, मला काय कळतं त्यातलं? मी फक्त हात बघितला." दादा सगळ्यांकडे वळले. "तुम्हाला कुणाला माहीत नाही. मला एकट्याला सांगितलं होतं त्यांनी. लहानपणी आजोबा त्यांचा डावा हात दोरीने पाठीशी बांधून ठेवायचे. जेवताना, लिहिताना. वर्षभर. म्हणाले होते, दादा, तो हात सोडवून घेतला आणि त्याच दिवशी ठरवलं, उजव्या हाताने यापुढे रेघसुद्धा मारायची नाही. आणि मी बघतो तर काय, मरायच्या आधी तुझ्यासाठी त्यांनी तेवढंही केलं. तुझ्यासाठी ते काहीही करायचे. माझ्यासाठी कधी साधं..."

म्हणजे हात बांधला म्हणजे खरंच हात बांधला! वहिनींच्या डोक्यात आता उजेड पडला. इतकी वर्षं त्या वाक्याचा आपण भलताच अर्थ लावला आणि शहाणपणाने ते पोटात ठेवलं. पोचवलं असतं तर नाना तेव्हाच म्हणाले असते, कुठला हात, कसला हात? वर्षानुवर्षं मिठाचे निरोप पोचवले आणि कामाचा तेवढा अडवला. त्यांना स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी हसूही आलं.

"तू त्यासाठी उठून गेलास?" नानांनी विचारलं.

"मग कशासाठी?"

"मला वाटलं, तुला सिनेमा आवडला नाही."

"आवडला नाही?" दादा खरोखर चकित झाले. "अरे, मला तो कळलाच नव्हता. न कळलेली गोष्ट आवडणार काय नि न आवडणार काय?"

आत्या फसकन हसल्या आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. नाना मात्र हसले नाहीत.

"मी पडद्याकडे बघतच नव्हतो त्या दिवशी," ते म्हणाले. "तुझ्याकडे बघत होतो. तो रीळवाला घाईत होता, आदल्या संध्याकाळी त्याने शेवटचं रीळ जोडून दिलं, मी तपासलंही नाही. म्हटलं उद्या दादाबरोबरच बघू. तू उठलास आणि मी तुझ्या मागे धावलो. त्यानंतर ते रीळ लागलं की मला बसवेना. लोक शेवटावर काय-काय लिहायचे, मी नुसती मान हलवायचो. मी दुसरा काढला नाही, दादा. सगळ्यांना वाटतं मी मोठा निःसंग माणूस आहे, एकच काढला आणि थांबलो. तसं काही नाही. ज्याला दाखवायचा होता तोच उठून गेला. मग आणखी कुणाला दाखवू?"

वहिनींनी ठमीकडे बघून नुसती खूण केली. ठमीने दोन-तीन कळा दाबल्या, आणि भिंतीवरचं चित्र कूस बदलल्यासारखं फिरलं. रस्त्यावरची माणसं दुसऱ्या दिशेने चालू लागली. अक्षरं वहिनींना पुन्हा परकी झाली. आणि बाबांचा डावा हात कोऱ्या काचेवर, ओल्या ओळीच्या पुढे-पुढे, अगदी मोकळा चालत राहिला.

दादा उठले आणि भिंतीपाशी गेले. त्यांची सावली पडू नये म्हणून बाजूला उभे राहिले, आणि ओळ संपेपर्यंत बघत राहिले. मग परत येऊन आपल्या खुर्चीवर न बसता वहिनींना म्हणाले, "तू जरा तिकडे सरक." वहिनी सरकल्या. दादा मधल्या खुर्चीत बसले. दोघे म्हातारे शेजारी-शेजारी बसून रिकाम्या भिंतीकडे बघत होते आणि दोघांचेही डोळे वाहत होते. वहिनींनी ते बघितलं आणि चहा ठेवायला मागच्या खोलीत गेल्या, कारण आता तिथे त्यांचं काही काम नव्हतं.

त्या चहा घेऊन आल्या तेव्हा दिवे लागले होते आणि आवाज चढले होते.

"काही फिरवायचं नाही!" दादा म्हणत होते. "लोकांनी चाळीस वर्षं हा शेवट डोक्यावर घेतला. पुस्तकांत आहे. हात उजवीकडे, म्हणजे उद्याकडे जातो, असं काहीतरी लिहिलंय ना? तू तो डावीकडे, कालच्याकडे वळवणार? स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव बुडवणार?"

"नाव गेलं खड्ड्यात. हात त्यांचा आहे."

"मला कळलं ना आता. तुला कळलं. घरच्यांना कळलं, बस झालं. जगाला काय करायचंय?"

"दादा, तो हात पुन्हा बांधू म्हणतोस?"

दादा हार मानणाऱ्यांतले नव्हते. "लोक हसतील तुला. म्हणतील, एवढे मोठे विद्वान चुकीवर पुस्तकं लिहीत बसले."

"हसू देत. पहिल्यांदाच कुणालातरी त्यात हसायला मिळेल. ठमे, फिरव. सिनेमा माझा आहे."

"आणि बाप तुझ्या एकट्याचा आहे का? फिरवणार असशील तर नाव मी लिहिणार नाही, सांगून ठेवतो!"

"नको लिहूस! मी लिहितो!"

"तू?" दादा ताडकन उठले. "तू लिहिणार? तुझं अक्षर बघितलंयस का? मुंग्यांना चक्कर आल्यासारखं! खबरदार त्या पाटीला हात लावलास तर. बापू, तो मोठा ब्रश काढ. आणि काळा रंग."

"काळा नाही, पिवळा होता," नाना म्हणाले.

"काळा होता!"

"मी कॅमेरा धरून उभा होतो, मला सांगतोस? पिवळा!"

"सिनेमात रंग दिसतात का तुझ्या? तू बघितलास कॅमेऱ्यातून, मी डबा धरला होता!"

बापू ब्रश घेऊन दोघांच्या मध्ये उभा होता आणि कुठल्या डब्याचं झाकण उघडावं हे त्याला कळत नव्हतं. ठमी संगणकाला कवटाळून बसली होती. आत्या घाबरल्या. त्यांनी वहिनींच्या हातातला ट्रे काढून घेऊन खाली ठेवला आणि त्यांचा दंड धरला.

"वहिनी, अहो थांबवा त्यांना. आत्ता कुठे जुळलंय, आत्ताच मोडून बसतील."

वहिनींनी आपली खुर्ची ओढून घेतली, दोघा भावांपासून चांगली लांब, आणि त्या निवांत बसल्या.

"भांडू देत हो वन्सं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं न बोलता मोडलं नाही, ते बोलून काय मोडणार?"